विद्यापीठात शिकवणारा कंपोजर: अमेरिकेतला रस्ता, टप्प्याटप्प्याने

मराठीत ‘संगीतकार’ म्हटलं की गाण्याला चाल लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे ज्याच्याबद्दल बोलायचंय तो कंपोजर वेगळा. प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर तो कागदावर लिहितो आणि कागद दुसऱ्यांच्या हाती देऊन स्वतः प्रेक्षकांत जाऊन बसतो. रचना फसली तर पुष्कळदा त्या कागदामुळेच फसते. अमेरिकेत अशा माणसाचं पोट बहुतेक वेळा विद्यापीठाच्या पगारावर चालतं. नुसत्या मानधनावर आणि रॉयल्टीवर घर चालवणारे अभिजात कंपोजर तिथेही थोडेच आहेत.

विद्यापीठं त्यांना का पोसतात, हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. मिल्टन बॅबिट १९३८ पासून प्रिन्स्टनला शिकवत होते. १९५८ साली त्यांनी एका मासिकात जाहीरपणे मांडलं की नवं संगीत रचणं हे गणितातल्या किंवा भौतिकशास्त्रातल्या संशोधनासारखंच काम आहे आणि त्याला आसरा विद्यापीठातच मिळू शकतो. हे पटो न पटो, व्यवस्था आज त्याच हिशेबाने चालते. शिकवण्याचा पगार मिळतो आणि रचना ‘संशोधन’ म्हणून मोजल्या जातात. मोजायचं म्हटलं की पुरावा लागतो. कुठे वाजली, कुणी वाजवली, कुणी निवडली, रेकॉर्डिंग कुठे आहे? या चार प्रश्नांची उत्तरं पहिल्या वर्षापासून गोळा करायची असतात.

आपल्याकडच्या माणसांनी ही वाट आधी तुडवलेली आहे. मुंबईचे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकले. सिनेमाच्या संगीतासाठी नावाजले जाण्याआधी त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं होतं. शिरीष कोर्डे यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजात दीर्घकाळ शिकवलं आणि हिंदुस्थानी संगीताशी नातं सांगणाऱ्या रचना केल्या.

आधी वाजवणारी माणसं शोधा

लॅपटॉपवर एकट्याने सिंफनी लिहिणं हा नवख्यांचा आवडता उद्योग. ती कुणी वाजवत नाही, त्यामुळे तिच्यातून शिकायलाही काही मिळत नाही. क्रम असा ठेवा: एका वाद्यासाठी तीन मिनिटं, दोन वाद्यांसाठी पाच, मग तीन ते पाच जणांसाठी आठ-दहा. प्रत्येक रचना पूर्ण होण्याआधी अर्धवट अवस्थेत वादकाकडे न्या, शेजारी पेन्सिल घेऊन बसा आणि तो कुठे अडखळतो ते कागदावर खूण करून ठेवा.

एक उदाहरण घ्या. व्हायोलिनची सगळ्यांत खालची तार ‘जी’ (G) स्वराची, तिच्या वरची ‘डी’ (D) स्वराची. तुम्ही खालचा ‘जी’ आणि लगेच वरचा ‘बी’ (B) एकत्र लिहिलेत. पियानोवर दोन बोटांचं काम. व्हायोलिनवर मात्र हे दोन्ही स्वर फक्त ‘जी’ तारेवरच निघतात आणि एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो. सॉफ्टवेअर ते बिनतक्रार वाजवून दाखवेल, वादक मात्र मान वर करून तुमच्याकडे बघेल. बासरीचंही तसंच. पाश्चात्त्य फ्लूटच्या तळाच्या चार-पाच स्वरांवर तुम्ही कितीही ‘फोर्टिसिमो’ (खूप जोरात) लिहा, मागे ट्रम्बोन असतील तर फ्लूट बुडणारच. हार्पला सत्तेचाळीस तारा आणि सात पेडल असतात. झपझप बदलणारे कोमल-तीव्र स्वर लिहिलेत तर वादकाचे पाय पुरे पडत नाहीत.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे वर्ग चालतात, आणि तिथल्या चर्चच्या गायकवृंदांना चार आवाजांत गायची सवय असते. गायकवृंदासाठी चार मिनिटांची रचना ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक शाळा आहे. जे गाता येत नाही ते पहिल्याच तालमीत उघडं पडतं. कॅरोलाइन शॉ यांना २०१३ चा पुलित्झर पुरस्कार तिसाव्या वर्षी मिळाला, प्रिन्स्टनला डॉक्टरेटच्या विद्यार्थिनी असताना. ती रचना ‘रूमफुल ऑफ टीथ’ या आठ जणांच्या गटासाठी होती आणि त्या गटात त्या स्वतः गात होत्या.

ग्रेडच्या परीक्षांबद्दल एवढंच की एबीआरएसएम किंवा ट्रिनिटीची आठवी ग्रेड झाली म्हणजे वाचता येतं हे सिद्ध होतं, लिहिता येतं हे नव्हे. चार आवाजांची हार्मनी, दोन-तीन आवाजांचं काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी) आणि कानाने ऐकून स्वर लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो. पुढे पगार मिळवून देणारा विषयही बऱ्याचदा हाच असतो.

अर्ज आणि पोर्टफोलिओ

अमेरिकेत पदवी चार वर्षांची, मास्टर्स दोन, डॉक्टरेट साधारण तीन ते सहा. कायम स्वरूपाच्या जागेसाठी आज डॉक्टरेट जवळपास सगळीकडे मागतात. हार्वर्ड, प्रिन्स्टन, शिकागो इथे रचनेत पीएच.डी. मिळते. जुलियार्ड, मिशिगन यांसारख्या ठिकाणी डी.एम.ए. म्हणजे डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स. नोकरीच्या बाजारात दोन्ही चालतात. पीएच.डी.त शोधनिबंध आणि सिद्धान्ताचा भार जास्त असतो, डी.एम.ए.त वादकांची संगत जास्त मिळते. निवड करताना पदवीचं नाव बाजूला ठेवा आणि तिथे वर्षाला तुमच्या किती रचना विद्यार्थी-वादक किंवा पाहुणे गट वाजवतात ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायची रूढ तारीख १५ एप्रिल. डॉक्टरेटला एका विभागात वर्षाला दोन-चार जणच घेतात, म्हणून आठ-दहा ठिकाणी अर्ज करणं हे घाबरटपणाचं लक्षण मानू नका.

पोर्टफोलिओत तीन किंवा चार रचना, शक्यतो गेल्या तीन वर्षांतल्या. एक एकल किंवा दोघांसाठी, एक चेंबर म्हणजे लहान गटासाठी, एक मोठ्या गटासाठी किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेली. सगळ्यांत चांगली पहिली ठेवा. निवड समितीसमोर शंभरेक अर्ज असतात आणि पहिल्या फेरीत एका रचनेला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी खूप. सुरुवातीची दोन मिनिटं नुसती ‘वातावरणनिर्मिती’ असेल तर कुठल्या मिनिटापासून ऐकावं ते लिहून द्या. त्यात कमीपणा नाही.

भारतातून जाणाऱ्या अर्जांत हमखास दिसणारी चूक कागदाची. आपण ए४ वर पान लावतो. अमेरिकेतला लेटर कागद ए४ पेक्षा रुंदीला सहा मिलिमीटर जास्त, पण उंचीला अठरा मिलिमीटर कमी. तिकडे कुणी जसंच्या तसं छापलं की शेवटच्या ओळीचं ट्युबा किंवा डबल बास कापलं जातं. पीडीएफ लेटर किंवा टॅब्लॉइड आकारात वेगळी काढा.

पैशाचं बोलायचं तर डॉक्टरेटला असिस्टंटशिपशिवाय जाऊ नका. फी माफ आणि वर विद्यावेतन, बदल्यात आठवड्याला वीस तासांपर्यंत शिकवणं किंवा ग्रेडिंग. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाची मर्यादाही वीसच तासांची आहे. मास्टर्सला अशी मदत कमी मिळते, आणि घर गहाण ठेवून रचनेची मास्टर्स करणं आम्हाला शहाणपणाचं वाटत नाही.

स्कोअर आणि पार्ट

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. स्कोअर म्हणजे कंडक्टरपुढचा कागद, त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक. पार्ट म्हणजे एका वादकाचा कागद, त्यात फक्त त्याचं. नवखा कंपोजर स्कोअर महिनोन्महिने घासतो आणि पार्ट आदल्या रात्री बटण दाबून काढतो. तालमीत वाजतात ते पार्ट.

आधी सॉफ्टवेअर. सिबेलियस आणि डोरिको विकत मिळतात, म्यूझस्कोर फुकट आहे आणि विद्यार्थ्याला पुरतं. फिनाले ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने बंद केलं. जुन्या फाइली त्यात असतील तर उघडतात तोवर म्यूझिकएक्सएमएल (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारा प्रकार) करून ठेवा.

ऑर्केस्ट्रांच्या ग्रंथपालांची ‘मोला’ नावाची संघटना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचना हा या धंद्यातला कायदाच समजा. पार्टमध्ये पाच रेघांची उंची, खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत, आठ मिलिमीटर उत्तम. सातच्या खाली गेलात तर तंतुवाद्यवाले हात वर करतात, कारण एका स्टँडवर दोघं बसतात आणि कागद डोळ्यांपासून लांब असतो. पार्टचा कागद लेटरपेक्षा मोठा, साधारण दहा बाय तेरा इंच. कागद जाड हवा, पातळ कागद एसीच्या झोतात स्टँडवरून उडतो. पार्ट पहिल्या तालमीच्या किमान दोन महिने आधी ग्रंथपालाच्या हाती पडले पाहिजेत, कारण बोइंगच्या खुणा (गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर) मुख्य वादकांकडून करून घेऊन त्या सगळ्या प्रतींवर उतरवायच्या असतात.

पान उलटणं हा वेगळाच विषय. एका स्टँडवरच्या दोघांपैकी आतल्या बाजूचा वादक पान उलटतो. म्हणजे पान उलटण्याच्या जागी विश्रांती नसेल तर त्या क्षणी विभागातला निम्मा आवाज गायब होतो. नेमका तिथेच तुमचा कळसाचा क्षण असेल तर प्रेक्षकांना वाटतं, कंपोजरला ऑर्केस्ट्रेशन येत नाही. हिशेब साधा आहे: मिनिटाला १२० ठोके आणि चार ठोक्यांचा बार असेल तर एक बार दोन सेकंदांचा. पान उलटायला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे दोन रिकामे बार हवेत. ते उजव्या पानाच्या तळाशी आणा. त्यासाठी एखादं पान अर्धं मोकळं राहिलं तरी राहू द्या.

पार्टमध्ये आणखी काय तपासायचं: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार क्रमांक, स्कोअरमधल्याच रिहर्सल खुणा (तालीम कुठून पुन्हा सुरू करायची ते सांगणारी अक्षरं), आठ-दहा बारांपेक्षा लांब विश्रांतीनंतर दुसऱ्या एखाद्या वाद्याचा ‘क्यू’ लहान अक्षरांत (आणि तो क्यू त्या खुर्चीवरून खरोखर ऐकू येणाऱ्या वाद्याचा असावा), ट्रान्स्पोज होणाऱ्या वाद्यांचा सूर. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहिलेला असतो. स्कोअर ‘कॉन्सर्ट पिच’मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत ठेवून पार्ट काढताना हे बटण विसरलं की पहिल्या सुरालाच तालीम थांबते.

आणि तालमीला वेळ किती असतो? विद्यापीठाच्या ऑर्केस्ट्राच्या ‘रीडिंग’मध्ये, म्हणजे नव्या रचना वाजवून बघण्याच्या तालमीत, एका विद्यार्थ्याला वीस-तीस मिनिटं. त्यातली सहा मिनिटं ‘बार ४७ मध्ये माझ्याकडे एफ शार्प आहे, तुमच्याकडे?’ यात गेली तर रचना पूर्ण वाजतच नाही. म्हणून प्रूफ वाचताना एक पार्ट हातात घेऊन स्कोअरशी बारन् बार ताडा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कारण डोळे तिथे काय असायला हवं तेच वाचतात.

मींड, तबला आणि कंडक्टर

आपल्या पोरांना हिंदुस्थानी संगीताला हात घालायचा मोह होतोच, आणि समित्यांनाही त्यात रस असतो. पण लिहिण्याची पद्धत ठाऊक नसेल तर हसं होतं. मींड दाखवायला दोन स्वरांमध्ये नुसती तिरकी रेघ काढलीत तर पाश्चात्त्य व्हायोलिनवादक ती आपल्या मनाने घेतो. कुणी लगेच घसरायला लागतो, कुणी अगदी शेवटी. बारा व्हायोलिनांना एकदम दिली तर बारा वेगळ्या मींडी. पहिला स्वर किती ठोके धरायचा आणि घसरण कुठल्या ठोक्यावर सुरू करायची ते रेघेवर स्वराचा ठिपका नसलेल्या नुसत्या दांड्या काढून दाखवा. त्यातही मींड एकल वादकाला देणं बरं.

रूपक लिहायचा तर सगळे सात ठोक्यांचा बार घालतात, तीन-दोन-दोन. आकडा बरोबर, वजन चुकतं. पाश्चात्त्य वादक बारच्या पहिल्या ठोक्यावर सवयीने जोर देतो आणि रूपकात सम ‘खाली’च्या जागी येते. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. पहिल्या ठोक्याला डग्गा घुमत नाही. म्हणून पहिल्या ठोक्यावर ‘जोर नको’ असं स्पष्ट लिहा आणि चौथ्या-सहाव्या ठोक्यांवर जोराची खूण द्या, नाहीतर तबलजी एकीकडे आणि ऑर्केस्ट्रा दुसरीकडे झुलत राहील.

तबलजीला पाच रेघांचा पार्ट देऊ नका. आवर्तनांचा तक्ता द्या: आवर्तन एक ते चार ठेका, पाचवं मोकळं, सहाव्यात तिहाई, सम म्हणजे रिहर्सल अक्षर सी. तीनतालाचं प्रत्येक आवर्तन चार-चारच्या चार बारांत बसतं, तर स्कोअरमध्ये प्रत्येक समेवर खूण ठेवा, म्हणजे तालीम तुटली तरी सगळे एकाच जागी परततात. कोण कुणाच्या मागे जाणार हेही लिहून ठेवा. कंडक्टर लय सैल करतो तिथे तबलजी तसाच पुढे जातो आणि दोघांनाही दुसरा चुकला असं वाटतं. अशा भागात ‘कंडक्टरने तबल्यामागे जावं’ ही एक ओळ स्कोअरवर पुरते. एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राने झाकिर हुसेन यांच्याकडून लिहून घेतलेली तबला-ऑर्केस्ट्राची रचना २०१५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा वाजली. असा प्रयोग समोर बसून बघायला मिळाला तर कानांपेक्षा डोळे उघडे ठेवा आणि कंडक्टर कुणाकडे बघतो ते पाहा.

रेकॉर्डिंग

संगणकाने वाजवलेली फाइल समितीला पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येते. खऱ्या माणसांनी थोडं अडखळत वाजवलेलं तिच्यापेक्षा बरं. सभागृहात स्टिरिओ मायक्रोफोनची जोडी, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल, पातळी सगळ्यांत मोठ्या क्षणालाही लाल दिव्याच्या बरीच खाली. रंगीत तालमीचंही रेकॉर्डिंग घ्या, कारण मैफलीत नेमका शांत भागात कुणीतरी खोकतो. व्यावसायिक ऑर्केस्ट्रांत वादकांची युनियन असते आणि मिळणारं रेकॉर्डिंग बहुधा फक्त खासगी वापरासाठी असतं. ते यूट्यूबवर टाकलंत तर त्या ऑर्केस्ट्राचं दार तुम्हाला बंद होतं. विद्यार्थी-वादकांकडूनही लेखी परवानगी घ्या, मैफलीच्या आधीच.

शिकवायचं म्हणजे काय

रचना शिकवणं हा कामाचा लहान तुकडा. नव्या माणसाच्या वाट्याला येते पहिल्या-दुसऱ्या वर्षाची चार सत्रांची थिअरी (हार्मनी, काउंटरपॉइंट वगैरे) आणि कानाचं प्रशिक्षण. पंधरा आठवड्यांचं सत्र, वर्गात वीसेक मुलं, दर आठवड्याला तपासायच्या वह्या. समांतर पंचमांवर (हार्मनीतली नेहमीची चूक) लाल खुणा करण्यात रविवार जातो. शिवाय नव्या संगीताचा विद्यार्थी-गट चालवणं, इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ सांभाळणं, समित्या. संगीत विभागांना मान्यता देणाऱ्या ‘नॅझम’ या संस्थेच्या हिशेबाने पूर्ण भार म्हणजे वर्गातले साधारण बारा तास, किंवा नुसत्या एकास-एक शिकवण्यांचे अठरा. करारात हे प्रमाण कसं धरलंय ते सही करण्याआधी विचारा.

एकास-एक शिकवणीत विद्यार्थी आठ बार आणतो आणि ते स्पीकरवर पुन्हा पुन्हा ऐकवतो. प्लेबॅक बंद करायला सांगा. तेच बार त्याला गायला लावा, जमेल तसे. मग एका कोऱ्या कागदावर रचनेची एकूण मिनिटं आडवी आखून कुठे काय घडतं ते लिहायला सांगा. पोरांच्या रचना बहुधा स्वरांमुळे अडत नाहीत. पुढे किती वेळ जायचंय हेच ठरलेलं नसतं, म्हणून अडतात. आणि त्यांचे बार स्वतः लिहून देऊ नका. सत्राअखेरच्या मैफलीत सगळ्या रचना शिक्षकासारख्या वाजल्या की सहकाऱ्यांच्या ते लक्षात येतं.

स्वतः लिहायचं कधी? करार बहुधा नऊ महिन्यांचा असतो, उन्हाळा मोकळा. दहा मिनिटांची ऑर्केस्ट्रा रचना शिकवणं सांभाळून लिहायला पाच-सहा महिने धरा आणि उलटं मोजा. एप्रिलमध्ये मैफल असेल तर पार्ट जानेवारीअखेर पोचायला हवेत, प्रूफ जानेवारीच्या सुरुवातीला, स्कोअर डिसेंबरच्या सुट्टीआधी पूर्ण, म्हणजे सुरुवात जूनमध्ये. सप्टेंबरमध्ये सुरू करू म्हणणारे फेब्रुवारीत रात्री दोनला पार्ट काढत बसलेले असतात.

नोकरीची शोधाशोध

जाहिराती सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान येतात. कॉलेज म्युझिक सोसायटीची रिक्त जागांची यादी रोज बघावी लागते. लागणारी कागदपत्रं: अर्जाचं पत्र, सीव्ही, शिकवण्याबद्दलचं निवेदन, तीन शिफारसपत्रं, दोन-तीन स्कोअर रेकॉर्डिंगसह, कधी वर्गाचा व्हिडिओ. जाहिरातीत ‘थिअरी आणि रचना’ असं लिहिलं असेल तर त्यांना आधी थिअरी शिकवणारा हवाय, रचनाकार नंतर. पत्राचा पहिला परिच्छेद त्याप्रमाणे लिहा. पुलित्झरची स्वप्नं तिथे नकोत.

निवड झालेल्या तिघा-चौघांना कॅम्पसवर बोलावतात, दीड-दोन दिवस. त्यात नमुना वर्ग, स्वतःच्या संगीतावर बोलणं, एखाद्या विद्यार्थ्याची उघडी शिकवणी, डीनची भेट आणि सगळी जेवणं. जेवण हीही मुलाखतच असते. नमुना वर्गात माणसं पडतात ती एकाच कारणाने: पन्नास मिनिटांत दीड तासाचं सांगायला जातात. एक संकल्पना, दोन उदाहरणं, आणि मुलांना काहीतरी गायला किंवा लिहायला लावणं एवढं पुरे.

‘अ‍ॅडजंक्ट’ म्हणजे तासिका तत्त्वावरचं काम. विषयागणिक पैसे, विमा बहुधा नाही. अनुभवासाठी दोन-तीन वर्षं ठीक. त्यापुढे त्यातून सुटणं अवघड होतं, कारण चार कॉलेजांत गाडी पळवताना रचनाच होत नाहीत. व्हिसाचंही बघा. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं. विद्यापीठांच्या एच-१बी अर्जांना वार्षिक कोट्याची मर्यादा नसते, हा मोठा फायदा. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. त्यामुळे मुलाखतीनंतर लगेच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला नियम आज काय आहे ते विचारा.

टेन्युअर

असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात की घड्याळ सुरू. तिसऱ्या वर्षी मधला आढावा, सहाव्या वर्षी पूर्ण फाइल. टेन्युअर मिळालं तर असोसिएट प्रोफेसर आणि नोकरी कायम. नाही मिळालं तर एक वर्षात गाशा गुंडाळायचा. बाहेरच्या विद्यापीठांतले पाच-सहा ज्येष्ठ प्राध्यापक तुमच्या रचना ऐकून पत्रं लिहितात, आणि तुमचे गुरू किंवा जवळचे मित्र त्यात चालत नाहीत. म्हणजे सहा वर्षांत तुमचं संगीत अनोळखी माणसांपर्यंत पोचलेलं असावं लागतं. स्वतःच्याच विभागात वाजलेल्या वीस मैफलींपेक्षा दुसऱ्या राज्यातल्या गटाने स्वतःहून निवडलेल्या तीन मैफली जड ठरतात. एक रचना चार ठिकाणी वाजणं हे चार रचना एकेकदा वाजण्यापेक्षा चांगलं. नवखे मात्र नेहमी पुढच्या रचनेमागे धावतात.

प्रत्येक मैफलीच्या रात्रीच फाइल करा: कार्यक्रमपत्रिका, तारीख, गाव, वादक, निवड कशी झाली, रेकॉर्डिंग. पाच वर्षांनी ते कागद शोधायला गेलात तर त्या गटाची वेबसाइटही शिल्लक नसते. स्पर्धांना प्रवेश फी द्यावी लागते, वर्षाचा आकडा ठरवून घ्या. पैसे भरा आणि आम्ही तुमचं रेकॉर्डिंग काढतो, अशा प्रस्तावांना फाइलमध्ये फारसं वजन नसतं.

हक्क आणि परवानग्या

कमिशन, म्हणजे कुणी पैसे देऊन मागवलेली रचना, घेताना एक पानी करार तरी करा. त्यात मिनिटं, वाद्यं, स्कोअर द्यायची तारीख, अर्धे पैसे सहीला आणि अर्धे स्कोअर दिल्यावर, पहिल्या प्रयोगाचा हक्क किती काळ, पार्टचा खर्च कुणाचा, तालमीला यायचं प्रवासभाडं. पार्टचा खर्च लिहायचा राहिला की तो तुमच्याच खिशातून जातो. सार्वजनिक प्रयोगांच्या रॉयल्टीसाठी अमेरिकेत एएससीएपी (१९१४) किंवा बीएमआय (१९३९), भारतात आयपीआरएस. एका वेळी एकाच संस्थेत रचना नोंदवा आणि कार्यक्रमपत्रिका पाठवत राहा, नाहीतर प्रयोग झाल्याचं त्यांना कळतच नाही. प्रकाशक मिळाला नाही म्हणून खंतावू नका. २०१० चा पुलित्झर मिळालेल्या जेनिफर हिग्डन आपलं संगीत स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून काढतात.

कवितेचं प्रकरण शेवटी सांगतोय, पण रचना मुळापासून अडते ती इथे. तुकारामांचा किंवा ज्ञानेश्वरांचा मूळ शब्द घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांचा आजच्या माणसाने केलेला इंग्रजी अनुवाद घ्यायचा तर लागते. आधुनिक कवींत गोम आहे. भारतात हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे भारतात त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या. अमेरिकेत मात्र इतक्या जुन्या कवितांची गणना छापल्या वर्षापासून पंचाण्णव वर्षांची. १९४७ साली छापलेली कविता तिथे २०४२ च्या अखेरपर्यंत हक्कांत राहते. पुण्यात वाजवायला मोकळी असलेली रचना शिकागोत छापायला वा रेकॉर्ड करायला अडू शकते, ती अशी.

परवानगीचं पत्र वारसांना किंवा प्रकाशकाला पाठवताना कुठल्या ओळी, कुठली वाद्यं, किती मिनिटं, कुठे वाजणार, स्कोअर विकणार का, रेकॉर्डिंग ऑनलाइन जाणार का, आणि मोबदला काय, हे सगळं एकाच पत्रात मागा. नुसती ‘गायची’ परवानगी मिळाली तर छापायची वेगळी मागावी लागते, आणि दुसऱ्यांदा उत्तर यायला वर्षही लागतं. लेखी होकार येईपर्यंत त्या शब्दांवर एकही स्वर लिहू नका. तोवर त्याच गायकासाठी संतवाणीतला एखादा अभंग घ्या.